काचेखालचा तक्ता

पोलीस खात्यातली शेवटची सोळा वर्षं मी 'गोपनीय'मध्ये होतो, असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. त्याला वाटतं, आता काहीतरी भानगड ऐकायला मिळणार. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती अशा वेळी आतून चहा आणताना म्हणायची, "यांचं गोपनीय काम काय असतं ते सगळ्या मसोली गावाला माहीत आहे, फक्त यांनाच वाटतं की माहीत नाही."

तिचं खोटं नव्हतं. प्रत्येक ठाण्यात एक गोपनीय हवालदार असतो. तो साध्या कपड्यात मोटारसायकलवर फिरतो आणि कुठे मोर्चा आहे, कुठे सभा आहे, गावात कोण नवीन माणूस आलंय, याची खबर वरती कळवतो. पासपोर्टसाठी घरी येऊन चौकशी करतो तोही हाच. साध्या कपड्यातला म्हणायचं, पण पायात बूट खात्याचे आणि केस खात्याच्या न्हाव्याने कापलेले, त्यामुळे डहाणू रोडच्या बाजारात मला भाजीवालीसुद्धा "काय साहेब, आज कुणाच्या मागावर?" असं विचारायची.

याच कामात एक कोपरा परदेशी नागरिकांचा. आपल्याकडे परदेशी माणूस कुणाच्याही घरी उतरला, मग ते हॉटेल असो, चिकूच्या वाडीतलं होम-स्टे असो की मावशीचं घर असो, घरमालकाने चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. त्या कागदाला 'सी फॉर्म' म्हणतात. पूर्वी तो हाताने भरायचा, कार्बन घालून. आता संगणकावर भरतात. पाहुण्याचं नाव, देश, पासपोर्ट, व्हिसा कोणता, किती दिवसांचा, आलात कुठून, जाणार कुठे. हे सगळं भरून घेणं आणि पाहुणा मुदतीत परत जातोय ना हे बघणं, हे माझं काम.

लोकांना हे पटवणं फार जड जायचं. नरपडला एक वयस्कर वाडीवाले शेठ होते. त्यांच्या भावाचा नातू कॅनडाहून आला. मी फॉर्मचं विचारायला गेलो तर शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "मारो पोतरो फॉरेनर?" म्हणाले. "अरे भाई, याचा आजा या विहिरीत पोहायला शिकला." मी म्हटलं, शेठ, आजोबा पोहायला शिकले असतील, पण नातवाचा पासपोर्ट कॅनडाचा आहे. शेवटी रागारागाने फॉर्म भरून दिला. 'भेटीचा हेतू' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, चिकू खाण्यासाठी. मी तो तसाच वर पाठवला. वरून कुणी काही विचारलं नाही, त्यामुळे हेतू मान्य झाला असं आम्ही दोघांनी धरलं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या सरकारला परदेशी पर्यटक हवेत. हेतू चांगलाच आहे. त्यासाठी सरकार व्हिसाचे नियम सोपे करतं. पण नियम सोपा करायचा म्हणजे आधीचा बदलायचा, आणि बदललेला नियम आमच्यासारख्याला पाठ होईपर्यंत तो आणखी सोपा झालेला असतो. आधी वकिलातीत जाऊन पासपोर्टवर चिकटवून घ्यायचा सहा महिन्यांचा व्हिसा होता. मग मध्येच एक नियम आला की पर्यटक एकदा देशाबाहेर गेला की दोन महिने परत येऊ नये. मग तो नियम गेला. मग घरबसल्या संगणकावर मिळणारा ई-व्हिसा आला, तो तीस दिवसांचा. मग साठ दिवसांचा. मग वर्षाचा, मग पाच वर्षांचा. पाच वर्षांचा म्हणजे पाच वर्षं राहायचं नाही. पाच वर्षांत कितीदाही या, पण एका भेटीत अमुकच दिवस. ते अमुक दिवस देशानुसार वेगळे. जपान्यांना एक आकडा, फ्रेंचांना दुसरा.

मी कंटाळून एक तक्ता केला. एका रविवारी घरी बसून, बायकोच्या शाळेतल्या कार्डशीटवर, पट्टीने रेघा मारून. डावीकडे देश, वर व्हिसाचा प्रकार, चौकोनात दिवस. लाल शाईत मुदत, हिरव्या शाईत अपवाद. तो माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. एकदा तालुक्याबाहेरचे एक साहेब तपासणीला आले होते, त्यांनी काचेवरून बोट फिरवत तो वाचला आणि म्हणाले, "वा, हे कुणी केलं?" तेव्हापासून त्या काचेवर मी चहाचा कप ठेवू दिला नाही. कुणी ठेवला तर मी बशी सरकवायचो.

या तक्त्याने एकच मोठी चूक केली. म्हणजे तक्त्याने नाही, मीच केली. ती सांगण्यासाठी हा लेख आहे.

तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे. तिथे लहानू आणि जेठी हे वारली जोडपं राहतं. भात आणि नाचणी करतात, दोन बैल, घराला कुडाच्या भिंती. त्यांच्याकडे फ्रान्सची एक बाई यायची. नाव एलेन. पाड्यावर ती एलनबाय. तिकडे एका गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायची. वारली चित्रं तिने पुस्तकात आणि दुकानात पाहिली होती, पण तिला बघायचा होता लग्नाचा चौक. आमच्याकडे वारल्यांच्या घरी लग्न असलं की भिंत गेरूने सारवतात आणि पाड्यातल्या बायका तांदळाच्या पिठाने त्यावर देवीचा चौक, म्हणजे चौकटीतलं चित्र, लिहितात. तो लग्नापुरताच असतो. विकायला नसतो, शिकवायला नसतो आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही.

पहिल्यांदा ती पाड्यावर आली तेव्हा तिने खुणांनी विचारलं, इथे लग्न कुणाचं आहे? जेठी म्हणाली, "माझंच हाय. पुढल्या महिन्यात. थांब."

बाहेरच्या वाचकाला इथे थोडं सांगायला हवं. जेठीला तेव्हा दहा वर्षांचा मुलगा होता. आमच्या डोंगरपट्टीत पूर्वीपासून अशी रीत आहे की दोघांचं ठरलं की ती एकत्र राहायला लागतात, संसार करतात, मुलंबाळं होतात, आणि लग्नाचा विधी सवडीने, जमेल तेव्हा करतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फक्त एक अडचण असते. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय मुलाचं लावता येत नाही. काही वेळा बाप आणि मुलगा एकाच मांडवात उभे राहिलेले मी पाहिलेत.

तर पुढल्या महिन्यातलं ते लग्न. एलन थांबली. लहानूचा थोरला भाऊ त्याच महिन्यात गेला, लग्न राहिलं. एलन परत गेली. पुढच्या थंडीत आली. मध्ये दहा दिवस नेपाळला जाऊन येते म्हणाली आणि गेली, तर तो दोन महिन्यांचा नियम नुकताच निघाला होता. तिला परत येता येईना. इकडे मांडवाचे बांबू तोडून आणलेले. लहानू म्हणाला, लावून टाकू. जेठी पाटावर बसायला तयार नाही. "तिला थांब म्हटलंय मी," एवढंच तिचं म्हणणं. बांबू गोठ्याला लागले.

जेठीला बहीण नाही. एका वर्षी ती तापाने फणफणली होती तेव्हा ही बाई आठ दिवस सरकारी दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बसून होती. नर्सने बाहेर काढलं की दारात बसायची. तेव्हापासून जेठीने ठरवून टाकलं होतं की लग्नात एलनबाय आपल्या शेजारी बसणार, बहिणीच्या जागी.

एलन मराठी शिकली ती जेठीकडूनच. त्यामुळे तिच्या मराठीत 'तुम्ही' नव्हतं. वारली माणूस कलेक्टरलाही 'तू'च म्हणतो, त्यात अनादर नसतो. एकदा नोंदणीला ठाण्यात आली तेव्हा आमचे इन्स्पेक्टर साहेब उभे राहून तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागले. ती शांतपणे म्हणाली, "तू बस. तू दमलास." साहेब बसले. त्या खोलीत साहेबांना कुणी 'तू' म्हटलेलं मी नोकरीत एकदाच ऐकलं.

मग ई-व्हिसा आला. त्याआधी तिला व्हिसासाठी गावाहून पॅरिसला खेपा घालाव्या लागायच्या. आता घरबसल्या तीस दिवस मिळाले. ती खूश, सरकार खूश. त्या व्हिसाच्या कागदावर एक तारीख छापलेली असायची. ती असायची देशात प्रवेश करण्याची शेवटची तारीख. पण वाचणाऱ्याला वाटायचं की तोवर राहता येतं. बऱ्याच जणांचा हा घोटाळा झाला. एलनचाही झाला असता. लग्न ठरलं होतं त्या तारखेच्या आत, पण तीस दिवसांच्या तीन दिवस पुढे. मी माझ्या नोंदवहीत तिचं आगमन बघितलं, बोटांवर मोजलं आणि पाड्यावर जाऊन सांगितलं की बाई, तीन दिवसांत निघा, नाहीतर मुदत उलटेल आणि पुढच्या वेळी व्हिसा मिळायची पंचाईत होईल. ती निघाली. जेठी पुन्हा पाटावर बसली नाही. लग्न पुन्हा राहिलं.

पण त्या दिवसापासून एलनचा माझ्यावर विश्वास बसला. "हवालदार सांगेल ते खरं," असं ती पाड्यावर सगळ्यांना सांगायची. माणसाला असं कुणी म्हटलं की त्याचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. तक्ता मी त्यानंतरच केला.

पुढे करोना आला, सगळे व्हिसे बंद. लहानू मला तलासरीच्या बाजारात भेटला की विचारायचा, "काय हवालदार, सरकारचं दार उघडलं काय?" मी म्हणायचो, नाही. तो म्हणायचा, "मग आमचंही नाय."

दार उघडलं तेव्हा जेठीचा मुलगा विनोद कर्ता झाला होता. उंबरगावच्या एका कारखान्यात कामाला लागला होता आणि त्याचं तिथल्याच एका मुलीशी ठरलं होतं. नवी पिढी. मुलीच्या बापाला पत्रिका छापून, बँड लावून लग्न करायचं होतं. तो भला माणूस, पण त्याने स्पष्ट सांगितलं, "आधी तुमचं लावा. या उन्हाळ्यात. नाहीतर पोरीला मी दुसरीकडे बघतो." विनोद एकदा मला रस्त्यात थांबवून म्हणाला, "साहेब, तुम्ही आईला समजवा. तिच्या लग्नापायी माझं राहील." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडे पासपोर्ट, चारित्र्य, मोर्चा अशा सगळ्या कामांना लोक आले, पण आईचं लग्न लावून द्या म्हणून तो एकटाच आला.

त्या वर्षी एलन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. सत्तरीला टेकली होती, गुडघ्याला पट्टा होता. मला म्हणाली, "ही शेवटची वेळ. विमानात पाय वाकत नाही." लग्न ठरलं होतं विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा झाल्यावर, म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धात. आता काही अडचण नव्हती. पाच वर्षांचा व्हिसा होता. सगळं निवांत होतं, आणि जेठीच्या लग्नाच्या बाबतीत निवांतपणा हीच मोठी अडचण असायची, हे मला तेव्हा कळलं नाही. जत्रा झाल्यावर म्हणता म्हणता, जत्रेला आलेले पाहुणे परत गेल्यावर, अशी भाषा सुरू झाली होती.

मला निवृत्तीला महिना राहिला होता. एका सोमवारी टेबल आवरायला घेतलं. माझ्या जागी पाटीलबाई येणार होत्या, दोन पोरांची आई, कामाला चोख. त्यांना म्हटलं, काच जपा, खाली तक्ता आहे. आणि कौतुकाने तक्ता दाखवायला लागलो. बोट फिरत फिरत फ्रान्सवर आलं. एका भेटीत नव्वद दिवस. लाल शाईत, माझ्याच अक्षरात.

नोंदवही काढली. एलनचं आगमन बघितलं, मोजलं, पुन्हा मोजलं. नव्वदावा दिवस येत होता त्याच आठवड्यातल्या गुरुवारी.

पाटीलबाई म्हणाल्या, "दादा, एकदा साइटवर बघू या का? नियम बदलतात."

मी काचेवर बोट टेकवलं. म्हटलं, "बाई, हा तक्ता मी केलाय." हे वाक्य मला आजही अधूनमधून ऐकू येतं. पुढचं सगळं या वाक्यामुळे झालं.

मोटारसायकल काढली आणि पाड्यावर गेलो. जाताना काचेखालचा तक्ताही गुंडाळून घेतला. का घेतला, देव जाणे. पुरावा म्हणून असेल. एलन अंगणात खाटेवर पाय लांब करून बसली होती. जेठी उखळाशी होती. लहानू कुंपणाला काटे बांधत होता. मी तक्ता खाटेवर पसरला, फ्रान्सवर बोट ठेवलं आणि सांगितलं. गुरुवारी शेवटचा दिवस. शुक्रवार उजाडला की बाई बेकायदेशीर.

एलनने तक्त्याकडे बघितलं. मग शेजारच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला, चष्मा लावला आणि तो वाचला. मग जेठीकडे बघितलं. जेठीच्या हातातलं मुसळ थांबलं होतं. एलनने मला विचारलं, "तुझा तक्ता नक्की?"

मी म्हटलं, "बाई, मी तुला कधी चुकीचं सांगितलंय?"

तिने कागदाची पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "नाय," म्हणाली. "मग गुरुवारी जाते."

जेठीने एलनकडे बघितलं. मला वाटलं, आता रडणार, आणि बाया रडायला लागल्या की मला काही सुचत नाही. पण तिने मुसळ भिंतीला टेकवलं, हात लुगड्याला पुसले आणि विचारलं, "आज वार काय?"

"सोमवार."

"मग बुधवारी," जेठी म्हणाली.

"बुधवारी काय?" लहानूने विचारलं.

"लगीन," जेठी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू उभा काय राहलास? तुझी फटफटी हाय ना?"

खात्यात मी अनेक बंदोबस्त केले, पण त्या दीड दिवसासारखा बंदोबस्त पाहिला नाही. लहानू म्हणत होता, अगं तांदूळ, अगं भांडी, अगं माणसं. जेठी ऐकतच नव्हती. चार दिवस चालणारं लग्न दीड दिवसात बसवायचं होतं. विनोदने कारखान्यात रजा टाकली. प्रत्येक घरातून एकेक पायली तांदूळ आला, कुणी पातेली आणली, कुणी मांडवाला आंब्याचे टाळे. शेजारच्या बाया भिंतीला गेरू लावायला बसल्या. इतकी वर्षं ज्याला सवड मिळत नव्हती ते काम होत होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, "गुरुवारी सरकार तिला नेतंय."

माझ्याकडे काम आलं धवलेरीला आणायचं. धवलेरी म्हणजे वारल्यांचं लग्न लावणारी बाई. ती गाणी म्हणते आणि तिच्या गाण्यांवर लग्न लागतं. ही म्हातारी दोन पाडे पलीकडे राहायची. मी गेलो, सांगितलं, ती तयार झाली. पण मोटारसायकलवर बसेना. "मला पकडून नेलं असं वाटंल लोकांना," म्हणाली. मी म्हटलं, आजी, मी साध्या कपड्यात आहे. ती म्हणाली, "तुला कोण वळखत नाय?" शेवटी एका अटीवर बसली. वाटेत प्रत्येक घरापुढे मी गाडी थांबवायची आणि खुलासा करायचा. पहिल्याच घरापुढे एक म्हातारा उठून उभा राहिला. "काय केलं बायनं?" मी म्हटलं, काही नाही, लग्न लावायला नेतोय. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघून विचारलं, "तुझं?" मागे धवलेरी एवढी हसली की गाडी हलली. पुढच्या सगळ्या घरांपुढे खुलासा तिनेच केला, आणि तो काय केला हे मी इथे लिहीत नाही, कारण हा अंक माझी बायको वाचते.

बुधवारी दुपारी लग्न लागलं. भिंतीवर चौक उमटला होता. मी या भागात जन्म काढला, पण चौक लिहिताना शेवटपर्यंत बसून कधी पाहिला नव्हता. चार बायका, हातात बांबूच्या काड्या, पिठाची वाटी. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. रेघ जिथे संपायची तिथून दुसरीची सुरू व्हायची. एलन जमिनीवर बसली होती, तो दुखरा पाय सरळ सोडून. तिने वही आणली होती, पेन्सिल आणली होती. दोन्ही तशीच मांडीवर पडून होती. मी हळूच म्हटलं, काढत नाही का? ती म्हणाली, "गप बस. बघू दे."

लहानू मुलाचा नवा शर्ट घालून पाटावर बसला. जेठी बसली आणि तिच्या शेजारी एलनबाय, डोक्यावर पदर घेतलेला, आणि तो सारखा घसरत होता. धवलेरी गात होती. लहानू माझ्याकडे बघून ओशाळं हसला. जेठी हसली नाही, ती रडत होती, आणि या वेळी मला काही सुचण्याची गरज वाटली नाही. माझेही डोळे भरले होते. विनोद मागे उभा राहून सारखं नाक पुसत होता.

गुरुवारी मीच जीप ठरवून एलनला विमानतळावर सोडलं. उतरताना माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझा तक्ता चांगला हाय. जप."

महिनाअखेरीला विनोदचंही लग्न झालं, पत्रिका छापून, बँड लावून.

त्याच्या दोन आठवडे आधी मी पाटीलबाईंना चार्ज देत होतो. त्या संगणकावर साइट उघडून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "दादा, रागावू नका." आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. फ्रान्स असो, जपान असो, देश कुठलाही असो, आता पाच वर्षांच्या व्हिसावर वर्षाला एकशे ऐंशी दिवस. नियम सोपा झाला होता. केव्हा झाला होता ते मी विचारलं नाही. माझ्या तक्त्यावरची शाई मात्र त्याच्या फार आधीची होती.

मी खाली बसलो. एका म्हाताऱ्या बाईची शेवटची भेट मी निम्मी कापली होती. तिला जत्रा बघायची होती, विनोदचं लग्न बघायचं होतं. मी सरकारचं नाव सांगून तिला हाकललं, आणि तेही पट्टीने रेघा मारून. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "फोन करा आणि माफी मागा. गोपनीय ठेवू नका."

व्हॉट्सॲपवर फोन लावला. चूक सांगितली. पलीकडून एलन शांतपणे म्हणाली, "माहीत होता मला."

"काय माहीत होतं?"

"अर्ज भरला तेव्हा नियम छापून घेतला. पिशवीत होता. एकशे ऐंशी."

मला तो घडीचा कागद आठवला. मी म्हटलं, "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू तक्त्यावर बोट ठेवून सांगत होतास आणि जेठीचं मुसळ थांबलं," ती म्हणाली. "मी चौदा वर्षं तिला बघते. दिवस आहेत म्हटलं की ती थांबते. मी आणखी नव्वद दिवस राहिले असते, तर लग्न पण नव्वद दिवस राहिलं असतं."

शेवटी ती म्हणाली, "जेठीला सांगू नको. ती म्हणेल, मग ते लगीन खोटं, पुन्हा लावू. आणि मला येता येणार नाय."

मी नाही सांगितलं. आता निवृत्त झालो, तक्ता घरी आणलाय, बायकोने तो कपाटाच्या तळाशी अंथरलाय. हा अंक पाड्यावर जाईल, जेठीची सून वाचून दाखवेल, त्याला माझा इलाज नाही. खात्याची शपथ मी सोळा वर्षं पाळली, एलनची दोन वर्षंच पाळता आली.

परवा तलासरीच्या बाजारात जेठी भेटली. कडेवर विनोदची पोर होती. मला बघून थांबली. म्हणाली, "हवालदार, तुझ्या सरकारचे कायदे मला काय कळत नाय. पण तो नव्वद दिसांचा कायदा बरा हाय. तेवढा बदलू नका म्हणून सांग."

मी म्हटलं, "वर कळवतो."